डोक्याची गोळी: गुण किती, त्रास किती

समुद्रपूर तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही काही जणी आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. आमच्यात दोघी आशा आहेत, बाकीच्या वावरात राबणाऱ्या. डॉक्टर कोणीच नाही. पण गावातल्या आजारी माणसांना घेऊन समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाट, सेवाग्राम, सावंगी अशा फेऱ्या आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. ओपीडीच्या बाकावर बसून, डॉक्टरांना आणि नर्सताईंना विचारून विचारून जे शिकलो, ते आज सांगतो. विषय आहे डोक्याच्या गोळीचा.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "बरी झाली नं माय पोरगी, आता गोळी कायले पाहिजे?" आणि दुसरं, "त्या गोळ्यांनीच तिचं वाटोळं झालं." दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, आणि दोन्हींमुळे आपल्या गावांत माणसं पुन्हा आजारी पडतात. म्हणून दोन्ही बाजू मोकळेपणी बोलू. नुसते गुण सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

आधी कुठल्या गोळ्या ते सांगतो. मनाच्या आजारावरच्या सगळ्या गोळ्या एक नसतात. उदासपणाच्या वेगळ्या, झोपेच्या वेगळ्या, फिटच्या वेगळ्या. आज ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना डॉक्टर 'अँटिसायकोटिक' म्हणतात. चिठ्ठीवर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, क्लोझापिन अशी नावं असतात. महिन्याने घ्यायची फ्लुफेनाझिनची सुई पण त्यातलीच. कानात कोणी नसताना आवाज येणं, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं पक्कं वाटणं, बोलणं तुटक-भलतंच होणं, रात्र रात्र जागून भडकणं, अशा आजारांत ही औषधं देतात. स्किझोफ्रेनिया त्यातला मोठा. उन्मादाच्या आजारातही देतात. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादी बाई अचानक भ्रमिष्ट होते, बाळाला ओळखत नाही, तेव्हाही लागतात. ते लक्षण दिसलं तर एक दिवसही घरी थांबू नका, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

हा आजार काही फार दुर्मीळ नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात हजार मोठ्या माणसांत साधारण चार जणांना त्या वेळी असा आजार होता. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या गावात चार-सहा घरं. आणि अशा चार जणांतल्या तिघांना उपचार मिळत नव्हते. तुमच्या गावातली ती घरं तुम्हाला माहीत आहेत. मागच्या खोलीतली सून, बस स्टँडवर बसून राहणारा भाऊ.

आता गोळी करते काय? आपल्या मेंदूत निरोप पोचवणारी काही रसायनं आहेत. त्यातल्या एकाचं नाव डोपामिन. कशाकडे लक्ष द्यायचं, काय महत्त्वाचं, हे ठरवायला ते मदत करतं. आजारात त्याचा जोर वाढतो, आणि साध्या गोष्टींना भलताच अर्थ येतो. शेजारीण खोकली तर तो आपल्यालाच इशारा. टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय. गोळी हा जोर कमी करते. एका बाईने आम्हाला सांगितलं होतं, "आवाज पुरता गेला नाही, पण आधी कानात होता, आता वावराच्या धुऱ्यावर गेला." इतकं नेमकं आम्हाला कुठल्या पुस्तकातही मिळालं नसतं.

पण तेच डोपामिन शरीरात आणखी दोन कामं करतं. हातपाय सुरळीत हलवणं हे एक. आणि बाईच्या छातीत नको तेव्हा दूध येऊ न देणं हे दुसरं. गोळी डोक्यात जाते तेव्हा 'मी फक्त आवाजाचंच काम करीन' असं म्हणत नाही. ती तिन्ही ठिकाणी हात घालते. हे एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे बरेचसे त्रास समजतात.

गुणाची बाजू आधी. २०१२ साली जगभरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या माणसांना औषध चालू ठेवलं तर वर्षभरात शंभरात २७ जणांचा आजार उलटला. औषधाऐवजी नुसती खोटी गोळी दिली तर शंभरात ६४ जणांचा. फरक मोठा आहे. पण दोन्ही आकडे पाहा बरं. गोळी घेऊनही २७ जण पुन्हा आजारी पडले, आणि गोळी न घेता ३६ जण वर्षभर टिकले. म्हणून "गोळी घेतली की झालं" हेही खरं नाही, आणि "अमक्याचा भाऊ गोळीविना बरा आहे" हे ऐकून आपण आपल्या माणसाची गोळी सोडवणं हेही शहाणपणाचं नाही. तो ३६ मधला आहे की ६४ मधला, हे आधी कोणालाच कळत नाही.

औषधं नव्हती तेव्हा काय होतं, ते आपल्या नागपूरला विचारा. तिथलं मनोरुग्णालय १८६४ सालचं. त्या काळी अशा आजाराला बंद ठेवण्याखेरीज फारसा उपाय नव्हता. क्लोरप्रोमाझिन हे या जातीचं पहिलं औषध १९५२ साली पॅरिसमधल्या रुग्णालयात वापरलं गेलं. त्याच्याही आधी, १९३१ साली, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन बंगाली वैद्य-डॉक्टरांनी आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग वेडाच्या झटक्यात होतो असं लिहून ठेवलं होतं. पुढे त्याच मुळातून परदेशात औषध काढलं गेलं. त्याने भडकलेली माणसं शांत व्हायची, पण रक्तदाब उतरायचा आणि काहींना फार उदासी यायची, म्हणून ते मागे पडलं. झाडपाला म्हणजे त्रास नाही, असं कोणी सांगितलं तर ही गोष्ट सांगा.

आता त्रास. इथे आम्ही जरा वेळ घेणार आहोत, कारण दवाखान्यात यावर बोलायला कोणाला वेळ नसतो.

पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वाकडी होणं, जबडा आवळणं, डोळे वर चढून तिथेच अडकणं, असं होऊ शकतं. जास्त करून हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, आणि तरण्या माणसांना. आपल्या गावात हे दिसलं की काय होतं, ते तुम्हीच सांगा. "अंगात आलं." लिंबू येतं, भगत येतो, रात्र जाते. बायांनो, गोळी किंवा सुई चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मान वाकडी झाली, तर ते औषधाचं काम आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि कुठलं औषध चालू आहे ती चिठ्ठी सोबत न्या. त्यावर सुई असते, आणि बहुतेकांना अर्ध्या तासात आराम पडतो. भगताला त्याचं श्रेय मिळायला नको.

दुसरं, बसवत नाही. माणूस उठतो, चालतो, बसतो, पुन्हा उठतो. पाय सतत हलतात. आतून तडफड होते. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि दवाखान्यात जाऊन सांगतात "लय फिरून राहिला", मग कधी कधी डोस वाढतो आणि तडफडही वाढते. म्हणून सांगताना असं सांगा: "गोळी चालू झाल्यावर किंवा वाढवल्यावर हे सुरू झालं." एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार बदलतो. काही जणांना ही तडफड इतकी सोसवत नाही की जीव द्यावासा वाटतो. तिला हलक्यात घेऊ नका.

हात थरथरणं, चाल आखडणं, तोंडातून लाळ गळणं, चेहरा लाकडासारखा होणं, हे तिसरं. त्यासाठी सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची छोटी गोळी देतात. तिच्याने तोंड सुकतं, शौचाला घट्ट होतं, म्हाताऱ्या माणसाला विसरायला होतं. म्हणून ती कायमची लागते का, हे दर काही महिन्यांनी विचारायचं.

आणि एक त्रास उशिरा येतो, वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर. तोंड चावल्यासारखं हलत राहतं, जीभ बाहेर येते. वयस्क बायांना त्याचा धोका जास्त. औषध बंद केलं तरी तो काहींना राहतोच. म्हणून सुरुवातीलाच दिसला तर सांगायचा. घरच्यांना तो आधी दिसतो, आजारी माणसाला कित्येकदा कळतही नाही.

वजनाचं तर तुम्हाला माहीतच आहे. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने सगळ्यात जास्त वाढतं. भूक लागते, आणि ती खोटी भूक नसते, खरंच पोट मागत राहतं. "किती खातेस" म्हणून टोमणे मारू नका. औषध सुरू होताना वजन करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा, सोबत रक्तातली साखर तपासायला सांगा आणि नंतर दर वर्षी सांगा. वजनकाटा उपकेंद्रावर आहे. साखर वाढली तर औषध बदलता येतं का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलतो. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड आणि काही जुन्या औषधांनी पाळी लांबते किंवा थांबते. छातीतून दूध येतं. लग्न न झालेल्या पोरीलाही येतं. आपल्या गावात याचा अर्थ काय लावला जाईल, ते सांगायला नको. तालुक्यातल्या एका घरात असंच झालं. गाव सांगत नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, कॉलेज सुटलं होतं, गोळीने चांगली सावरली होती, पुन्हा शिवणाच्या क्लासला जाऊ लागली होती. दोन महिने पाळी आली नाही, आणि एक दिवस कपड्याला ओल दिसली. आईने कोणाला विचारलं नाही. विचारणार कोणाला? पोरीला मारलं, घरात कोंडलं, आणि गोळ्या चुलीत टाकल्या, कारण काकूने सांगितलं की त्यांच्यामुळेच पोरगी "सुटली". दीड महिन्यात आवाज परत आले. या वेळी सावरायला आधीच्या दुप्पट वेळ लागला. नंतर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, आणि तीन महिन्यांत पाळीही आली.

हा त्रास ना पापाचा, ना चारित्र्याचा. डोपामिनचं बूच निघालं की दुधाचं संप्रेरक वाढतं, पाळी थांबते, एवढंच. पाळी चुकली तर आधी आशाकडून निश्चय किट घेऊन लघवीची तपासणी करा, मनातला संशय जाईल. मग डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, दुसरं औषध देता येतं. आणि पाळी नाही म्हणून गर्भ राहणारच नाही असंही समजू नका, विशेषतः औषध बदलल्यावर. वर्षानुवर्षं पाळी बंद राहिली तर हाडंही ठिसूळ होतात, म्हणून "बरंच झालं, कटकट गेली" असंही म्हणू नका. हे आम्हीसुद्धा ऐकलं आहे, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांकडून. त्यांचं दुःख आम्हाला कळतं. वावरात ना आडोसा, ना पाणी. पण तरीही सांगा.

आता पुढची गोष्ट आपल्या मुलखाची. आपल्याकडचा उन्हाळा. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ही औषधं शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी करतात, आणि ती छोटी गोळी घाम कमी करते. घाम आला नाही की अंग थंड कसं होणार? मे महिन्यात जी बाई या गोळ्या खाऊन भर दुपारी काडीकचरा वेचते, तिला ऊन लागण्याचा धोका तिच्या शेजारणीपेक्षा जास्त. म्हणून गोळी बंद करायची नाही. काम सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी. डोक्याला ओला दुपट्टा, तहान नसली तरी पाणी. गटातल्या बायांनी मुकादमाला सांगून तिची दुपारची पाळी टाळायची. तिने स्वतः सांगितलं तर "नखरे" म्हणतील, चार जणींनी मिळून सांगितलं तर ऐकतील. उठताना चक्कर येत असेल तर खाटेवर आधी बसायचं, मग उभं राहायचं.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. एक, कडक ताप, अंग लाकडासारखं ताठ, माणूस भ्रमात, घाम फुटलेला. क्वचित होतं, पण जीव जातो. पुढची गोळी न देता १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. दोन, ज्याला क्लोझापिन चालू आहे त्याला ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. या औषधाने काही थोड्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. १९७५ साली फिनलंड देशात यामुळे आठ माणसं दगावली आणि कित्येक ठिकाणी औषध मागे घेतलं गेलं. मग ते परत का आलं? कारण दहांतल्या दोघा-तिघांना बाकी कुठलीच गोळी लागू पडत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हे लागू पडतं. नियमाने रक्त तपासलं तर धोका फार कमी होतो. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला तपासणी असते. आठवड्याला एसटीने फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. रक्त समुद्रपूरला किंवा हिंगणघाटला तपासून रिपोर्ट दाखवला तर चालेल का, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. या औषधाने शौच अडलं तरी दुर्लक्ष करू नका, तेही जिवावर बेतू शकतं.

आणि घरात एकाची गोळी आहे म्हणून रात्री ओरडणाऱ्या आजीला अर्धी देऊ नका. विसराळूपणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी लकव्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. डॉक्टर कधी देतात, पण मोजून आणि थोड्या दिवसांसाठी.

इतका त्रास ऐकून तुम्ही म्हणाल, मग सोडलेलीच बरी. थांबा. गोळीचा त्रास खरा आहे, आणि गोळीचा गुणही खरा आहे. यातलं दुसरं घरच्यांना दिसतं, पहिलं आजारी माणसाला सोसावं लागतं. तिने तोंड उघडलं नाही तर ती एक दिवस गुपचूप गोळी तुळशीत टाकते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत आजार उलटला तो गोळीने काम केलं नाही म्हणून नाही. गोळीचा त्रास कोणी ऐकला नाही म्हणून.

आता ओपीडीत काय होतं पाहा. बाई आजारी, पण बोलतो तिचा नवरा किंवा भाऊ. डॉक्टर विचारतात, "काय त्रास?" तो म्हणतो, "ठीक आहे साहेब, तेच औषध द्या." त्याच्यासमोर ती छातीतल्या दुधाचं सांगेल? नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, हे सांगेल? तेही याच औषधांनी होतं. म्हणून आम्ही आमच्या गटांत एक रीत पाडली. गोळी घेणाऱ्या बाईसोबत दवाखान्यात एक बाई जाते. आणि जाण्याच्या आदल्या रात्री चिठ्ठी लिहायची: झोप, पाळी, वजन, शौच, हात थरथरणं, बसवणं, दूध. जिला लिहिता येत नाही तिचं पोरगं-पोरगी लिहितं, पाळीचं मात्र गटातल्या बाईने लिहायचं. चिठ्ठी सरळ डॉक्टरांच्या हातात द्यायची. एका ठिकाणी डॉक्टर चिठ्ठी पाहून चिडले, दुसऱ्या ठिकाणी त्यांनी ती पेपरला टाचून ठेवली. दोन्ही अनुभव आहेत. चिडले तरी चिठ्ठी द्या.

गोळी कधी बंद होईल? पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं घ्यायची. पुन्हा पुन्हा उलटला असेल तर जास्त वर्षं, काहींना जन्मभर. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण एकदम सोडल्या तर झोप उडते, मळमळतं, आणि आजार उसळतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करता येतात का? काहींना येतात. पण तिथेही खरं सांगतो. ब्रिटनमध्ये बऱ्याच वर्षांच्या आजाऱ्यांवर असा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला. ज्यांची गोळी सावकाश कमी केली त्यांच्यात दोन वर्षांत शंभरात २५ जणांचा आजार जोरात उलटला, ज्यांची चालू ठेवली त्यांच्यात १३ जणांचा. म्हणून कमी करायचीच असेल तर असा काळ निवडा की घरात लग्न नाही, पेरणी नाही, बाळंतपण नाही, आणि पाहायला माणूस आहे. झोप कमी झाली की लगेच सांगायचं. आजार परत येताना बहुतेकदा आधी झोप घेऊन जातो.

सगळ्यात वाईट वेळी गोळी बंद होते ती लग्नाआधी. मुलाकडचे पाहतील म्हणून. नवीन घर, जागरणं, उपास, आणि गोळी बंद. महिन्याभरात पोरगी माहेरी. लपवून लावलेलं लग्न पुढे फसवणूक म्हणून अंगावर येतं, हेही लक्षात घ्या. पण गोळी चालू आहे एवढ्यावरून कोणी बायकोला टाकून देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं आहे की कागदावर 'स्किझोफ्रेनिया' हे नाव असणं घटस्फोटाला पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावं लागतं. दिवस राहिले तरी गोळी स्वतः होऊन सोडू नका, पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना सांगा. बाळासाठी कुठलं औषध त्यातल्या त्यात बरं, हे ते ठरवतील. बाळाला पाजण्याचंही तसंच विचारायचं.

आता गिरडचं. आपल्या तालुक्यातला बाबा फरीदांचा दर्गा म्हणजे आपल्या सगळ्यांचं श्रद्धेचं ठिकाण, हिंदू-मुसलमान सगळे टेकडी चढतात. आम्हीही जातो. जा, नवस करा, मनाला धीर येतो. फक्त गोळ्यांची पुडी सोबत घेऊन जा आणि वेळेवर द्या. गुजरातेत उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ दोन्ही एकाच आवारात देण्याचं काम झालं आहे. पण कोणी माणसाला साखळीने बांधा म्हटलं तर नाही म्हणा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ आजारी मेले. त्यांना पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालायला बंदी आहे, घरातसुद्धा.

याच कायद्याने आजारी माणसाला आपल्या औषधाची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, गुण आणि त्रास दोन्हींची. त्यावरून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो: ती गोळी घेत नाही, भाजीत किंवा चहात मिसळून दिली तर चालते का? आम्हाला ठाऊक आहे की कित्येक घरांत असं चालतं, आणि देणारी बहुतेकदा आईच असते, हात जोडून देते. तिला दोष देत नाही. पण पाहा, जिला आधीच वाटतं की घरचे मला विष घालतात, तिला एक दिवस भाजीत गोळीचा तुकडा सापडला तर? मग ती जेवणच सोडते. आणि न सांगता दिलेल्या गोळीचा त्रास ती सांगणार तरी कशी? मान वाकडी झाली तर तिला कळणारही नाही का ते. फार भडकलेली असेल, कोणाचं ऐकत नसेल, तर दवाखान्यात नेऊन सुई देता येते. शांत झाल्यावर मात्र समजावून सांगा, तिला कुठला त्रास नको आहे ते विचारा. एका पोरीने आम्हाला सांगितलं, "मला आजार कबूल नाही, पण झोप पाहिजे. झोपेसाठी घेईन." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल.

गोळी सगळं करत नाही, हेही सांगून ठेवतो. आवाज, संशय, भडकणं यावर तिचा जोर जास्त. पण माणूस गप्प बसून राहतो, आंघोळ नको, कामात मन नाही, यावर तिचा फारसा जोर नाही. तिथे माणसं लागतात. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत २८२ आजाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली छापला गेला. डॉक्टरांच्या औषधासोबत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जायच्या, घरच्यांशी बोलायच्या, गोळ्यांची आठवण द्यायच्या, कामाला लावायच्या. नुसत्या दवाखान्याच्या उपचारापेक्षा फायदा झाला. फार मोठा नाही, पण झाला. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. आमच्या एका गटाने अशा बाईला पापडाच्या कामात घेतलं. पहिले दोन महिने ती नुसती बसून राहायची. आता ती लाट्या करते, आणि मीठ कमी पडलं तर बोलतेही.

आता कामाचं. सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट मिळायला हवीत. संपली असतील तर बाहेरून आणायला लावण्याआधी, कधी येतील आणि तोवर काय, हे लेखी मागा. घरात किमान एक आठवड्याच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो. पण त्या डब्यात कुलपात, पोरांच्या हाती लागू नयेत. दर महिन्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत, तारखेने. कायमचा आजार असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्याच चिठ्ठ्या लागतात.

दिवसा-रात्री कधीही बोलायचं असेल तर टेलिमानसचा नंबर आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पुढच्या मंगळवारी गटाच्या बैठकीत ज्यांच्या घरी गोळी चालू आहे त्यांनी चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन या. बाकीच्या बायांनी दार लोटून घ्यायचं, आणि जे तिथे ऐकलं ते पाणवठ्यावर न्यायचं नाही.